क्लासिक गाडीचं रिस्टोरेशन: कोटेशनच्या एका ओळीत किती तास दडलेले असतात

पूर्ण रिस्टोरेशन करून देणाऱ्या वर्कशॉपचं कोटेशन हातात आलं की बहुतेकांचं बोट आधी इंजिनाच्या रकान्यावर टेकतं. खरं तर त्या कागदावरचा सगळ्यात भरवशाचा आकडा तोच. चार सिलिंडरचं साधं इंजिन खोलायचं, ब्लॉक बोअर करायचा (झिजलेले सिलिंडर आतून किंचित मोठे करायचे), क्रँक ग्राइंड करायचा, रिंग-पिस्टन, बेअरिंग, टायमिंग चेन, ऑइल पंप आणि गॅस्केटचा संच बदलायचा, हेडचं काम करून पुन्हा बांधायचं, या सगळ्याला माप आहे. मशिन शॉपचे दर ठरलेले असतात आणि बांधणीला किती दिवस जातील ते मुरलेला मेकॅनिक बोटांवर मोजून सांगतो. पत्र्याचं तसं नाही. ‘बॉडी दुरुस्ती व रंग’ ही एकच ओळ अख्ख्या खर्चाचा निम्मा वाटा गिळू शकते, आणि किती गिळेल ते कोटेशन लिहिणाऱ्यालाही त्या दिवशी ठाऊक नसतं.

या सेवेचे तीन प्रकार बाजारात मिळतात. पहिला म्हणजे नट-बोल्ट रिस्टोरेशन: गाडी शेवटच्या स्क्रूपर्यंत उघडायची, पत्रा उघडा करायचा आणि सगळं नव्यासारखं जोडायचं. दुसरा रोलिंग रिस्टोरेशन: गाडी चालती ठेवून एका वेळी एक भाग हातात घ्यायचा, यंदा ब्रेक-सस्पेन्शन, पुढच्या वर्षी सीट. तिसरा प्रकार म्हणजे वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी सुरक्षितपणे पुन्हा रस्त्यावर आणणं. यात ब्रेक, इंधन, कूलिंग, टायर आणि वायरिंग येतं, रंगाला कुणी हात लावत नाही. मजुरीचा दर जागेप्रमाणे बदलतो, पण एका कामाला लागणारे तास फारसे बदलत नाहीत, म्हणून इथला हिशेब तासांत आहे. नट-बोल्ट कामात हजार तास सहज ओलांडतात. प्रदर्शनाच्या दर्जाचं काम हवं असेल तर दोन हजारांच्या पुढे गेलेलंही नवल वाटू नये.

निकाल आधीच सांगून टाकू. पैशाला पुरेपूर मोल देणारी सेवा तिसरी. पत्रा शाबूत असेल तर दुसरी. पहिली घ्यायची तर विकून पैसे परत मिळतील हा विचार घरी ठेवून घ्यावी. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण मजुरीला असतं.

एक सिल बदलायची म्हणजे काय

कोटेशनमधली ‘दोन्ही सिल बदलणे’ ही ओळ घ्या. सिल म्हणजे दाराखालचा उंबरा. चॅसिस वेगळी असलेल्या जुन्या गाड्यांत तो बराचसा शोभेचा असतो, पण मोनोकॉक गाडीत, म्हणजे जिथे बॉडी हीच चॅसिस आहे तिथे, गाडीचा कणा तोच. छत नसलेल्या गाडीत तर सगळा भार त्याच्यावर. पाणी आणि चिखल आत साचतो, निचऱ्याची भोकं बुजतात, आणि सिल आतून बाहेर सडते. बाहेर रंगाखाली दोन फुगे दिसतात तेव्हा आतला पडदा बहुधा गेलेला असतो.

नीट काम असं होतं. गाडी सस्पेन्शनच्या मूळ जागांवर टेकवून समपातळीत उभी करायची, मधोमध जॅक लावून नाही. दाराच्या चारही फटी मोजून लिहून ठेवायच्या. दाराच्या चौकटीत चौकोनी नळीचे आडवे-तिरपे टेकू वेल्ड करायचे, नाहीतर सिल कापताच बॉडी मधून झोपते. मग ८ मिलिमीटरच्या स्पॉट-वेल्ड कटरने एकेक मूळ टाका सोडवत बाहेरचा पत्रा काढायचा. इथपर्यंत सगळं अंदाजात असतं. यानंतर खरा खर्च दिसतो: आतला उभा पडदा, त्याखालची पट्टी, फ्लोअरची कड, जॅकिंग पॉइंट, पुढे दाराच्या खांबाचा पाय, मागे स्प्रिंग जिथे टांगलेली असते तो कोपरा. यातलं काय काय शिल्लक आहे हे पत्रा उघडल्याशिवाय कळत नाही, आणि नवी सिल नेमकी कशाशी जोडायची, हा प्रश्न तिथे उभा राहतो. शाबूत पत्र्याची कड सापडेपर्यंत कापत जावं लागतं.

नवा भाग बसवताना जोडाच्या दोन्ही बाजूंना झिंक प्रायमर, मग क्लॅम्प, मग दार पुन्हा लटकवून फट तपासणं, आणि त्यानंतरच वेल्डिंग. तेही सलग नाही; मध्यापासून सुरू करून इकडे दोन टाके, तिकडे दोन टाके, मध्ये पत्रा गार होऊ द्यायचा. बाहेरचा पत्रा साधारण ०.८ ते १ मिलिमीटरचा असतो. घाईत सलग वेल्ड मारला की तो लाटेसारखा वाकतो आणि ती लाट पुढे पुट्टीखाली लपवली जाते. शेवटी पोकळीत मेण फवारायचं आणि निचऱ्याची भोकं मोकळी ठेवायची.

याच ओळीचा दुसरा अर्थ असा: सडलेल्या सिलवरून तयार मिळणारी पातळ पत्र्याची पट्टी चढवायची, कडेने चार टाके, वर अंडरकोट. एका दुपारचं काम. वरून कीर्तन, आतून तमाशा. कागदावर दोन्ही कामांचं नाव ‘सिल बदलणे’च असतं. म्हणून ज्या कोटेशनमध्ये सिल, फ्लोअर, खांबाचा पाय, जॅकिंग पॉइंट वेगवेगळे लिहिलेले नाहीत, ते स्वस्त असलं तरी त्याची तुलना दुसऱ्या कोटेशनशी करता येत नाही.

गाडी उघडण्याआधी काय कळतं

बरंच कळतं. खिशातलं साधं चुंबक पातळ कापडात गुंडाळून दाराच्या खालच्या भागावर, चाकांच्या कमानींवर, मडगार्डच्या मागच्या कोपऱ्यात फिरवावं. जिथे ते सुटतं तिथे पुट्टी आहे. यात एक खाच आहे: अनेक जुन्या गाड्यांत छत आणि मागचा खांब यांचा जोड कारखान्यातच शिशाने भरलेला असे. तिथे चुंबक सैल पडलं म्हणून लगेच अपघाताचा निष्कर्ष काढू नये. अ‍ॅल्युमिनियमच्या बॉनेट-डिकीवर चुंबकाचा उपयोगच नाही, तिथे रंगाची जाडी मोजणारं मीटर लागतं. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. ३०० च्या पुढे गेला तर गाडी पुन्हा रंगवली आहे, आणि हजार ओलांडले तर आत पुट्टीचा थर आहे.

मग कार्पेट उचलून फ्लोअर बघायचा, स्टेपनी काढून तिची खोलगट जागा, पेडलच्या वरचा कोपरा आणि पुढच्या काचेच्या रबराखालची कड. शेवटची जागा सगळे विसरतात. काचेची चौकट सडली असेल तर काच काढावी लागते, काच काढली की डॅशबोर्ड आणि छताचं अस्तर सुटतं, आणि बोटभर गंजापायी महिनाभराचं काम निघतं. दार अर्धं उघडून वर-खाली हलवून बघा: फक्त बिजागर सैल असेल तर बुश-पिन बदलून भागतं, पण बिजागरासकट खांब हलत असेल तर गोष्ट सिलपर्यंत जाते.

एवढं करूनही जे उरतं त्यासाठी एक स्वतंत्र सेवा विकत घ्यावी, आणि या सगळ्या परीक्षणात तिलाच सगळ्यात वरचा क्रमांक आहे: पैसे देऊन केलेली उघडून तपासणी. वर्कशॉप ट्रिम (म्हणजे पट्ट्या, मुठी, चिन्हं असल्या सजावटीच्या वस्तू), कार्पेट, सीट, मडगार्ड काढतं, संशयाच्या जागी रंग खरवडतं, फोटो काढतं, इंजिनाची चाचणी घेतं आणि मग कोटेशन देतं. यात वीस-तीस तासांची मजुरी जाते. पुढे काम तिथेच द्यायचं बंधन नसावं, अहवाल आणि फोटो तुमच्या मालकीचे असावेत. जे वर्कशॉप या तपासणीला नकार देऊन फोनवर एक गोल आकडा सांगतं, त्याच्या आकड्याला अंदाज म्हणणंही जास्त होईल. झाकली मूठ सव्वा लाखाची असते ती विकणाऱ्याला; घेणाऱ्याने ती उघडूनच घ्यावी.

रंग, ब्लास्टिंग आणि घासाई

पत्रा उघडा करण्याचे मार्ग तीन: रसायनाने किंवा हाताने रंग काढणं, ब्लास्टिंग, आणि अ‍ॅसिडच्या टाकीत अख्खी बॉडी बुडवणं. जाड चॅसिस, अ‍ॅक्सल, सस्पेन्शनचे हात यांना सँडब्लास्टिंग चालतं. बॉनेट, छत, दार अशा सपाट पातळ पत्र्यावर तेच जोरात मारलं की कणांच्या माऱ्याने पत्रा ताणला जातो आणि फुगून डबडब वाजू लागतो. असं बिघडलेलं बॉनेट सरळ करण्यापेक्षा दुसरं शोधणं स्वस्त पडतं. बुडवण्याची पद्धत पोकळ्यांपर्यंत पोचते, पण दुहेरी पत्र्याच्या जोडात अ‍ॅसिड अडकून राहिलं तर वर्षभराने तिथूनच रंग उचलला जातो. बुडवल्यानंतर ते निष्प्रभ कसं करणार आणि पोकळीच्या आत कोणता लेप देणार, हे त्या वर्कशॉपला सांगता आलं पाहिजे. आणि कुठल्याही पद्धतीने उघडा केलेला पत्रा त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरखाली जायला हवा. दमट हवेत एका रात्रीत त्यावर तांबूस झाक येते.

रंगाचा खर्च फवारणीत नसतो. फवारणी दोन दिवसांत होते. त्याआधीची घासाई आठवडे खाते. इपॉक्सी, त्यावर पातळ पुट्टी, ८० आणि मग १८० नंबरच्या कागदाने लांब ठोकळ्यावर घासाई, जाड थराचा प्रायमर, त्यावर काळी पावडर फासून पुन्हा ३२० ने घासणं म्हणजे खोलगट जागा काळ्या राहतात, त्या भरायच्या, परत प्रायमर, परत घासाई, शेवटी ६०० ने पाण्यात. गडद रंग असेल, विशेषतः काळा, तर हीच फेरी एकदोनदा जास्त करावी लागते, कारण काळ्यात प्रत्येक लाट दिसते. म्हणून कोटेशनमध्ये रंगाचे कोट किती असं विचारण्यापेक्षा घासाईच्या फेऱ्या किती असं विचारावं. समोरचा माणूस थबकतो की उत्तर देतो यावरूनच पुष्कळ समजतं.

प्रायमर वाळायला वेळ दिला नाही तर गाडी हातात येते त्या दिवशी आरशासारखी असते. तीन-चार महिन्यांनी ऊन लागून थर आकसतो आणि पुट्टीच्या कडा, घासाईचे ओरखडे रंगातून नकाशासारखे उमटतात. हा दोष नंतर पॉलिशने जात नाही.

रंग बदलायचा मोह टाळावा. मूळ रंगच ठेवला तर बाहेरची बाजू आणि दाराच्या कडा पुरतात. रंग बदलला की इंजिनाची पोकळी (बॉनेटखालची जागा), डिकी, डॅशबोर्डची खालची बाजू, बिजागरांमागचे कोपरे सगळं मोकळं करावं लागतं, आणि वर मूळ नोंदीशी न जुळणारी गाडी विकताना कमीच भाव देते.

क्रोम, कास्टिंग आणि छोट्या वस्तूंचा घाव

बंपरवरचं चकचकीत क्रोम एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतं. खालचा निकेलचा थर त्याच्या कितीतरी पट जाड, आणि त्याखाली तांबं. पैसे जातात ते तांब्याआधीच्या घासकामाला. स्टीलचा बंपर सरळ असेल तर काम सोपं. खरी गंमत दाराच्या मुठी, दिव्यांच्या कडा, बॉनेटवरचं चिन्ह यांच्यात आहे. या वस्तू जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव असतात. त्यांच्यावर खड्डे पडले की प्रत्येक खड्डा कोरून मोकळा करायचा, तांब्याचा थर चढवायचा, खड्डा भरायचा, घासायचं, पुन्हा तांबं, असं खालचा धातू झाकला जाईपर्यंत. हाताच्या तळव्याएवढ्या मुठीला मोठ्या बंपरइतकं बिल येऊ शकतं, आणि अक्षरं असलेलं चिन्ह घासताना अक्षरांच्या कडा गोल होतात ते वेगळंच. प्लेटिंगला देण्याआधी प्रत्येक वस्तूचा फोटो काढून नग मोजून लिहून द्यावेत. सुटे क्लिप आणि स्टड तिथेच हरवतात.

म्हणून गाडी निवडताना ट्रिम पूर्ण आहे का हे इंजिन चालतं का यापेक्षा महत्त्वाचं धरावं. इंजिन मिळतं. डाव्या बाजूची एक विशिष्ट पट्टी कधीकधी कुठेच मिळत नाही.

सुट्या भागांच्या बाबतीत गाडी-गाडीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांवर बनली आणि १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेजने मूळ साच्यांवर तिची अख्खी नवी बॉडी पुन्हा बनवायला घेतली. फोक्सवॅगन बीटल तर दोन कोटींहून जास्त बनल्या, शेवटची २००३ मध्ये. अशा गाडीत सडलेला पत्रा ही अडचण आहे, संकट नाही. कमी संख्येने बनलेल्या चार दारी सलूनला मात्र प्रत्येक तुकडा हाताने घडवावा लागतो. शिवाय चार दारं म्हणजे चार दारांच्या फटी, दुप्पट काचा, रबर, मुठी, दोन रांगांच्या सीट. तास जास्त, आणि बाजारात तीच गाडी दोन दारी आवृत्तीपेक्षा बहुधा स्वस्तात जाते. हिशेब इथेच फसतो: मजुरी गाडीची लोकप्रियता बघून आकारली जात नाही.

नव्याने बनवलेले भाग बसतातच असंही नाही. तयार मडगार्ड पाच-सहा मिलिमीटरने बाहेर येतं, भोकं सरकलेली असतात, नव्या दाराच्या रबराला मूळ रबराचा मऊपणा नसतो आणि दार खाडकन आपटल्याशिवाय लागत नाही. मूळ भाग थोडा वाकलेला असला तरी तो सरळ करणं पुष्कळदा नव्या भागाशी झगडण्यापेक्षा कमी तासांत होतं. वर्कशॉपने काढलेला प्रत्येक जुना भाग काम संपेपर्यंत फेकू नये, ही अट लेखी घालावी.

इंजिन, ब्रेक, वायर

इंजिन खोलण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा. सिलिंडरांमध्ये दहा-पंधरा टक्क्यांच्या आत फरक असेल तर खोलण्याची घाई नको. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा: आकडा चढला तर रिंग-बोअर, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. हेडचं काम आणि पूर्ण ओव्हरहॉल यांच्या बिलात तिपटीचा फरक पडू शकतो, तेव्हा ही अर्ध्या तासाची चाचणी कोटेशनला जोडलेली असावी.

बोअर करण्याआधी पूर्वी किती वेळा बोअर झालाय ते मोजावं. ब्लॉक शेवटच्या मापावर असेल तर लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आत बसणाऱ्या नळ्या, घालाव्या लागतात. पिस्टन हातात आल्यावर, ते मोजून, मगच बोअर करायचा. जुन्या व्हॉल्व्ह सीटला झिजण्यापासून वाचवणारं, शिसं असलेलं गाड्यांचं पेट्रोल २०२१ मध्ये जगातून संपलं, त्यामुळे हेड उघडलंच आहे तर एक्झॉस्टच्या बाजूला कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घ्याव्यात. जुन्या पद्धतीच्या टॅपेटच्या (कॅमवर घासत चालणाऱ्या भागाच्या) इंजिनाला झिंक-फॉस्फरसचं प्रमाण जास्त असलेलं ऑइल लागतं. नवा कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, घातला असेल तर इंजिन पहिल्यांदा सुरू झाल्यावर आयडलवर न ठेवता २००० ते २५०० आरपीएमवर वीस मिनिटं चालवायचं. हे चुकलं की कॅमचे कान घासून जातात आणि नवं इंजिन पुन्हा उघडावं लागतं.

इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुनं रबर मऊ करतं. इंधनाचे सगळे पाइप, पंपाचा डायफ्राम, कार्ब्युरेटरचा किट इथेनॉल सोसणाऱ्या दर्जाचा हवा. अशा पाइपवर एसएई जे३०आर९ हे मानक छापलेलं असतं ते बघून घ्या. हा खर्च क्षुल्लक आहे आणि टाळला तर आग लागू शकते.

उभ्या गाडीच्या ब्रेकमध्ये जुनं द्रव पाणी शोषून बसलेलं असतं. व्हील सिलिंडर आतून गंजतात, रबरी होज आतून सुजते आणि पेडल सोडलं तरी ब्रेक धरून राहतो. होज, सिलिंडरचे किट, मास्टर सिलिंडर आणि गंजलेले धातूचे पाइप एकदम बदलावेत, अर्धं काम नको. टायरवर खाच कितीही असली तरी तारीख बघा. २००० नंतरच्या टायरवर चार आकडी कोड असतो, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

नट-बोल्ट कामानंतर हमखास येणारी तक्रार म्हणजे दिवे मंद, हॉर्न अडखळतो, इंडिकेटर लावला की काटे नाचतात. वायरिंग नवी असते, बॅटरी नवी असते. दोष ताज्या रंगात असतो: अर्थिंगच्या बोल्टखालचा पत्रा सुंदर रंगवलेला आहे आणि रंगातून वीज जात नाही. प्रत्येक अर्थ पॉइंट खरवडून, घट्ट करून, वर ग्रीस लावणं हे तासाभराचं काम. ते विसरणारं वर्कशॉप कमी नाही.

जोडणीचा क्रमही खर्च ठरवतो. अनेक गाड्यांत छताचं अस्तर काचेच्या रबराखाली जातं, म्हणजे अस्तर आधी, काचा नंतर. अपहोल्स्ट्रीवाला उशिरा आला म्हणून काचा आधी बसवल्या तर त्या पुन्हा काढाव्या लागतात आणि ती मजुरी तुमच्याच बिलात येते.

‘आता खोललंच आहे तर’

या चार शब्दांनी जितके अंदाज मोडले तितके गंजानेही मोडले नसतील. यावर एक कसोटी पुरते: तो भाग झिजणारा आहे का, आणि नंतर बदलायचा तर हीच खोलाखोल पुन्हा करावी लागेल का? दोन्हींची उत्तरं हो असतील तरच करा. इंजिन बाहेर आलंय तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकचं मागचं सील बदलणं शहाणपणाचं. इंजिन बाहेर आलंय म्हणून पोकळी रंगवायची, मग ती चमकते म्हणून बॉनेटची खालची बाजू, मग बॉनेट बाहेरूनही, हे मात्र रोलिंग रिस्टोरेशनचं गुपचूप नट-बोल्टमध्ये झालेलं रूपांतर. मोनोकॉक गाडीला ठरलेल्या आकड्याच्या निदान एक तृतीयांश रक्कम बाजूला ठेवावी, आणि तिला हात लावण्याआधी दर वेळी फोटोसह लेखी परवानगी घेण्याची अट असावी.

सगळ्यालाच हात लावायचा का, हाही प्रश्न आहे. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा आपल्या ट्युरिन सनदेत जतन आणि रिस्टोरेशन यांत स्पष्ट फरक करते. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या क्लासिक गाड्यांच्या प्रदर्शनात सर्वोत्कृष्ट गाडीचा मान १९३४ च्या एका बुगाटी टाइप ५९ ला मिळाला, आणि जतन केलेल्या, रिस्टोर न केलेल्या गाडीला तो पहिल्यांदाच मिळाला. मूळ रंग सत्तर टक्के शाबूत असलेल्या गाडीला पूर्ण रंग देणं म्हणजे पैसे घालून किंमत कमी करणं असू शकतं. मूळ रंग एकदाच असतो.

दुसऱ्याने पूर्ण केलेली गाडी विकत घेणं हा आणखी एक पर्याय, आणि निव्वळ हिशेबाने बहुधा सगळ्यात स्वस्त, कारण विकणाऱ्याला त्याच्या बिलांची बेरीज सहसा परत मिळत नाही. अट एकच: उघड्या पत्र्याचे, वेल्डिंगच्या अवस्थेतले फोटो हवेत. फक्त चकाकत्या गाडीचे फोटो असतील तर ती रंगवलेली गाडी आहे, रिस्टोर केलेली आहे की नाही ते माहीत नाही असं धरा. आणि खोक्यांत भरलेली सुटी गाडी, ‘सगळे पार्ट आहेत’ असं म्हणत विकली जाणारी, फुकट मिळाली तरी महाग. ज्याने खोलली त्यालाच कोणता बोल्ट कुठला हे ठाऊक असतं. पैसे वाचवायला स्वतः गाडी खोलून वर्कशॉपला दिली तर याच कारणाने तास वाढतात.

पैसे कसे द्यावेत

अख्ख्या कामाचा एक ठोक आकडा देणाऱ्या वर्कशॉपने एक तर त्यात भीतीचा मोठा वाटा घातलेला असतो किंवा मध्येच काम रेंगाळतं. नुसतं तासावर सोडलं तर बिलाला तळ नसतो. बरा मार्ग मधला: इंजिन, ब्रेक, वायरिंग, सीट यांना ठरलेला आकडा, पत्र्याला तासावर, पण टप्प्याची मर्यादा घालून. चाळीस तास झाले की काम थांबवायचं, दाखवायचं, पुढे जायचं की नाही ते ठरवायचं. महिन्याच्या बिलात तास कुणाचे, कशावर आणि त्या आठवड्याचे फोटो. मोठा अ‍ॅडव्हान्स देऊन मोकळं होऊ नये. भाग मागवायला लागतील तेवढे, आणि मागवलेल्या भागांची पावती तुमच्या नावावर. क्रोम, सीट, मशिनिंग बाहेर गेलं असेल तर कोणती वस्तू कुठे आहे याची यादी दर महिन्याला मागा. वर्कशॉप बंद पडलं तर गाडी एका ठिकाणी आणि तिचे अवयव चार ठिकाणी असतात. काम चालू असताना गाडीचा विमा कुणाचा आणि किती किमतीचा, हेही आधी लिहून घ्या.

शेवटचे दहा टक्के गाडी ताब्यात घेताना देऊ नका, पहिल्या आठशे किलोमीटरनंतर द्या. त्या अंतरात हेडचे बोल्ट पुन्हा ताणावे लागतात, तेही कोणत्या मापाने ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं, टॅपेटची फट जुळवावी लागते, चाकांचे नट, होजचे क्लॅम्प आणि सस्पेन्शनचे बोल्ट आवळावे लागतात. सस्पेन्शनच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळायचे असतात. लिफ्टवर लटकत्या अवस्थेत आवळले असतील तर बुश पिळलेले राहतात, गाडी एका बाजूने उंच दिसते आणि ते रबर वर्षाच्या आत फाटतं. गाडी घेऊन परत जाल तेव्हा पहिल्यांदा चारही कमानींची जमिनीपासूनची उंची टेपने मोजा.